खालच्या मजल्यावरचं आरोग्य खातं

दुसरं महायुद्ध संपून साठ वर्षं उलटली तरी अजून ड्यूटीवर असलेला एकच माणूस अख्ख्या जर्मनीत उरला होता, आणि तो आमच्या खालच्या मजल्यावर राहत होता. ते, म्हणजे आमचे खालचे काका, सैनिक नव्हते, जर्मन नव्हते आणि इंग्रज तर मुळीच नव्हते. सांगलीकडच्या एका नगरपालिकेतून निवृत्त झालेले ते स्वच्छता निरीक्षक होते. त्यांचा मुलगा रेगेन्सबर्गच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता, आणि त्याच्याकडे ते नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले होते. आदल्या वर्षी काकू गेल्या, तेव्हापासून बाबा एकटे राहतात याची टोचणी मुलाला लागली होती. एकटेपणा घालवायला माणसाला रेगेन्सबर्गला आणावं, तेही ऐन डिसेंबरात, हे फक्त इंजिनिअरलाच सुचू शकतं. मुलगा पहाटे कारखान्यात जायचा, सून साडेसातला, नातू आठला. आणि चार वाजता परत येणारा तो नातू आजोबांचं मराठी मुकाट्यानं ऐकून उत्तर जर्मनमध्ये द्यायचा. "आमचा पत्रव्यवहार आहे," काका म्हणायचे, "पण पत्रं एकमेकांना लागत नाहीत."

पहिल्याच शनिवारी सूनबाई त्यांना बर्फात घालायचे बूट घ्यायला घेऊन गेली. वाटेत नदीकाठी फ्लोमार्क्ट, म्हणजे जुन्यापुराण्या वस्तूंचा बाजार भरला होता. तिथं इंग्रजीच्या कुणा दिवंगत मास्तरांची पुस्तकं खोक्यांतून विकायला मांडली होती. त्यातल्या एका खोक्याच्या तळाशी इंग्लंडमधल्या एका बरोच्या, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेच्या, आरोग्य खात्याचे युद्धकाळातले वार्षिक अहवाल होते. बुटांसाठी गेलेले काका मोज्यांवर चपला घालून तसेच परत आले आणि काखेत महायुद्ध घेऊन आले. त्या दिवसापासून त्यांचं एकटं राहणं संपलं, असं त्यांच्या मुलाला वाटलं. मला मात्र वाटतं, ते तेव्हा कुठं सुरू झालं, कारण आता त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं.

अहवाल ते मागून वाचायचे. पुढं आरोग्याधिकाऱ्याची प्रस्तावना असे, आणि शेवटी, उंदीर आणि गटारं यांच्यासोबत, स्वच्छता निरीक्षकाचं प्रकरण. "साहेब पुढं लिहितात, काम मागं असतं. आमच्याकडंही असंच होतं," असं म्हणून ते त्या न पाहिलेल्या इंग्रज निरीक्षकाच्या वतीनं समाधानानं मान हलवायचे. बरोचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. ते कायम 'आपला बरो' म्हणत. आपल्या बरोत तळघरांतल्या आसऱ्यांत माणसं दाटीवाटीनं झोपतात म्हणून खरूज वाढली आहे. आपल्या बरोत बायका कारखान्यात जातात म्हणून पाळणाघरं वाढवावी लागतायत. आपल्या बरोत सरकार पोरांना संत्र्याचा रस आणि कॉड माशाचं तेल देतं, रस संपतो आणि तेल उरतं. हे सगळं वर्तमानकाळात. डोक्यावर बाँब पडत असताना डासांच्या कामाकडे पुरेसं लक्ष देता आलं नाही याबद्दल त्या आरोग्याधिकाऱ्यानं कुठल्याशा पानावर दिलगिरी व्यक्त केली होती, ते पान काका दोनदा वाचून दाखवत. "ह्याला म्हणतात खातं," ते म्हणत.

या वर्तमानकाळाचा पहिला फटका मला बसला. एका सकाळी जिन्यात भेटले तेव्हा माकडटोपीतून फक्त डोळे दिसत होते, आणि ते चिंतेत होते. "पाण्याची मुख्य वाहिनी फुटली आहे," म्हणाले. "क्लोरिनेशन होईपर्यंत उकळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही." मी धावत वर आले. बाळाच्या टबापासून चहाच्या गाळणीखालच्या कपापर्यंत जे जे पोकळ दिसलं ते ते पाण्यानं भरलं, आणि चारही शेगड्यांवर पातेली चढवली. दुपारपर्यंत नळाला धो धो पाणी येतच होतं, म्हणून खाली जाऊन विचारलं, तर वाहिनी आपल्या बरोतली निघाली. मी काही बोलणार तोच काका म्हणाले, "पण तुम्ही भरून ठेवलंत ना? ताई, दहा घरांत एक घर भरून ठेवतं. तुम्ही त्यातल्या." माझ्या आयुष्यात इतक्या मूर्खपणाबद्दल इतकी मोठी शाबासकी मला दुसऱ्या कुणी दिलेली नाही.

आमच्या इमारतीत त्यांचा एकच मित्र झाला, तो हाउसमायस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा थोराड बव्हेरियन गृहस्थ. इथं ओला कचरा वेगळ्या डब्यात टाकतात हे बघून काका हरखून गेले होते, कारण आपल्या बरोतही गृहिणी भाजीची सालं डुकरांसाठी वेगळी ठेवत. ते रोज अंगणात जाऊन डब्यांची झाकणं उघडून तपासत आणि हाउसमायस्टरला सांगलीच्या इंग्रजीत अर्धा अर्धा तास समजावत. त्याला इंग्रजी येत नव्हतं. तो झाडू टेकवून उभा राही आणि मधूनमधून "गेनाऊ" म्हणे, म्हणजे 'अगदी बरोबर'. "मनुष्य फार जाणकार आहे," काका मला म्हणाले. "आणि माझं पूर्ण ऐकून घेणारा या देशात तो एकटाच आहे." हे त्यांनी हसत सांगितलं. मीही हसले. नंतर जिना चढताना मला ते फारसं विनोदी वाटलं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी तेव्हा तिथल्या विद्यापीठात पीएचडी करत होते, म्हणजे करत नव्हते, कारण मुलगी तीन महिन्यांची होती. नवरा बर्लिनला एका नव्यानं निघालेल्या कंपनीत होता आणि जमेल त्या शनिवार-रविवारी यायचा. मी आठवडेच्या आठवडे कुणाशी मराठी बोलत नसे, आणि जर्मन बोलायला लागू नये म्हणून दार उघडत नसे. आम्हा भारतीयांत एक शहाणपण पसरलेलं होतं: टीव्हीच्या परवान्याची चौकशी करणारा माणूस येतो, तेव्हा बेल वाजली की आवाज न करता बसून राहायचं. माझ्याकडे टीव्ही नव्हता. पण गप्प बसून राहायला ते कारण फार सोयीचं होतं, म्हणून मी ते वापरत होते. पोस्टमन, शेजारी, पार्सलं, सगळ्यांसाठी मी घरात नव्हते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इथल्या चर्चची मुलं राजांचे मुकुट घालून घरोघर फिरतात, गाणं म्हणतात, दान गोळा करतात आणि दाराच्या चौकटीवर खडूनं वर्षाचे आकडे आणि मध्ये सी, एम, बी अशी तीन अक्षरं लिहितात. तो घराला दिलेला आशीर्वाद असतो. काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. एका सकाळी उठून बाहेर येतात तो काय, जिन्यातल्या सगळ्या दारांवर खडूच्या खुणा. ज्या माणसानं उभं आयुष्य पोलिओच्या आणि हिवतापाच्या मोहिमेत घरांवर खुणा करण्यात घालवलं, त्याला दुसरं काय वाटणार? ते माझ्या दाराशी आले आणि बेल वाजवून, दार ठोकून, शेवटी मराठीत हाक मारून त्यांनी मला दार उघडायला लावलं. चेहरा असा फुलला होता की काकू परत आल्यात की काय असं वाटावं. "ताई, इथंही घरभेटी आहेत. काल पथक येऊन गेलं. सी म्हणजे चिल्ड्रन, एम म्हणजे मदर्स, बीचं अजून नक्की होत नाही, बहुधा बूस्टर." मग त्यांची नजर माझ्या कोऱ्या चौकटीवर गेली आणि आवाज एकदम उतरला. "तीन महिन्यांचं मूल असलेलं घर सुटलं. हे कसं झालं?"

कसं झालं ते मला माहीत होतं. दाराच्या भिंगातून मुकुट दिसले आणि मी पाय न वाजवता मागं फिरले होते. ते मी सांगितलं नाही. समोरच्या आजीबाईंनी मोडक्या इंग्रजीत त्या खुणांचा खरा अर्थ सांगितला तेव्हा काका म्हणाले, "असू दे. घरं तर फिरले ना? यादी असणार त्यांच्याकडे." पण सुटलेलं घर त्यांच्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी ते पुन्हा आले, या वेळी कापडी पिशवी घेऊन. इथलं पथक चुकलं, म्हणून आता आपल्या बरोचं आरोग्य खातं माझ्या घरी येणार होतं, दर गुरुवारी, सकाळी अकराला.

त्या पिशवीतून निघायचा तो सामान मोजायचा हूकवाला काटा, संत्र्याच्या रसाचा खोका, औषधाच्या दुकानातून आणलेली कॉडच्या तेलाची बाटली आणि त्या आठवड्याचा अहवाल. माझ्या ओढणीची झोळी करून, आपल्याकडे अंगणवाडीत करतात तशी, ते मुलीला काट्याला टांगत. विमानाची बॅग मोजायच्या काट्याला माझी एकुलती एक लेक लटकलेली बघून पहिल्या दिवशी मी खाली दोन्ही हात पसरून उभी राहिले. लेक मात्र खिदळत होती. वजन घेऊन झालं की ते मला चमचाभर तेल प्यायला लावत. "आईलाही द्यायचं असतं. अहवालात आहे." मग रस प्यायचा, मग चहा, मग अहवालाचं एक पान. एरवी तो वास आला असता तर मी खिडकीतून उडी टाकली असती. पण गुरुवारी मी अंघोळ करून, केस विंचरून, साडेदहापासून तयार असे. आठवड्यातला तेवढा एकच दिवस मी विंचरत होते, हे काकांना ठाऊक असावं. विंचरलेल्या केसांचा रकाना त्यांच्या तक्त्यात नव्हता, एवढंच.

तक्ता दाराच्या मागं होता. आपल्याकडे हिवतापाचा कर्मचारी दाराआड भिंतीवर सही करून जातो, तसा तो काकांनी पहिल्याच भेटीत पट्टी लावून आखला: तारीख, वजन, शेरा, सही, पुढील भेट. ओली केली की जांभळी उठणारी जुनी कॉपिंग पेन्सिल होती त्यांच्याकडे. टोक जिभेला लावायचं आणि लिहायचं. आरोग्य खात्यातल्या माणसानं पेन्सिल चाटावी का, हा प्रश्न मी विचारला, तेव्हा त्यांनी टोक पुन्हा जिभेला लावलं. मी घाबरून म्हटलं, "काका, भाड्याचं घर आहे. सोडताना भिंती पांढऱ्या करून द्याव्या लागतात." ते म्हणाले, "मग तेव्हा करा. आमच्याकडंही दिवाळीला नोंदींवर चुना बसायचाच."

शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं याचे नियम कडक होते. घर बंद असेल तर तीन वेळा यायचं, तीन वेगवेगळ्या वेळांना, शेजारी विचारायचं, आणि मगच 'घर बंद' लिहायचं. एका गुरुवारी त्यांनी आपल्या बरोतल्या एका घरभेटीच्या बाईंबद्दल वाचून दाखवलं. बाँब पडून खात्याचं कार्यालय जळालं आणि कुठल्या घरात किती मुलं, कुणाला घटसर्पाची लस राहिली, याच्या सगळ्या याद्या गेल्या. त्या बाईंनी उरलेल्या रस्त्यांवरून दार दार फिरून यादी पुन्हा केली. अहवालात दोनच ओळी होत्या, नावसुद्धा नव्हतं. काकांनी अहवाल मिटला आणि प्रथमच स्वतःबद्दल बोलले. "आमच्याकडं घटसर्पाच्या वेळी ओढ्यापलीकडचं एक घर होतं. खात्यातला पोरगा नवीन होता, पाण्यातून जायचा कंटाळा केला, 'घर बंद' लिहून मोकळा झाला. घर उघडं होतं. आत चार वर्षांची मुलगी होती. पंधरवड्यात गेली. कागदावर खाली माझी सही होती, ताई." माझी मुलगी माझ्या मांडीवर होती. मी विचारलं, अजून चहा ठेवू का. ते म्हणाले, ठेवा.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. त्यांना माझ्या मुलीचं दर आठवड्याचं वजन ग्रॅममध्ये पाठ होतं. त्यांचा व्हिसा कधी संपतो हे मात्र मी एकदाही विचारलं नाही. आज सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटते.

मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी माझं फोनवर नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं. तो त्या शनिवारीही येणार नव्हता. मुलगी दात येतायत म्हणून रात्रभर रडलेली, माझे डोळे सुजलेले, अंगावर कालचा गाऊन. बरोबर अकराला बेल वाजली. मी दाराशी गेले, कडीवर हात ठेवला आणि भिंगातून बघितलं. माकडटोपी, पिशवी, आणि त्या दिवशी पायात बूट. शेवटी घेतलेले दिसत होते. मला वाटलं, आत्ता तो तेलाचा वास नको, ते खरूज-उवा नकोत, आणि मुख्य म्हणजे अशा अवतारात कुणाच्या नजरेला पडायला नको. पुढच्या गुरुवारी बघू. त्यांनी तीनदा बेल वाजवली, प्रत्येक बेलमध्ये अंतर सोडून. तेवढ्यात माझ्या कुकरनं शिट्टी दिली. ते भिंगाकडे बघत नव्हते, स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मग वरच्या खिशातली पेन्सिल काढली, जरा हातात धरली, परत खिशात ठेवली आणि एकेक पायरी उतरून गेले.

शनिवारी त्यांची सून ती कापडी पिशवी घेऊन वर आली. "बाबा काल गेले. व्हिसा संपला ना. तुम्हाला सांगायला आले होते गुरुवारी, म्हणाले, भेट झाली नाही." पिशवीत सगळे अहवाल होते आणि तळाशी वजनकाटा. तो त्यांना स्वतःची बॅग मोजायला लागला असणार, पण ठेवून गेले. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. ते चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांतले नव्हते. मी दार लावलं आणि मागच्या तक्त्याकडे बघितलं. शेवटच्या ओळीत त्या गुरुवारची तारीख आगाऊ लिहिलेली होती. पुढचे रकाने कोरे.

त्यानंतर मी त्यांना दोन-तीनदा फोन केला. ते वजन विचारत, मी सांगे, ते बहुधा तिकडं लिहून घेत. गुरुवारबद्दल दोघंही बोललो नाही. त्यांच्या मुलाची बदली अमेरिकेला झाली. खालच्या मजल्यावर एक तरुण जर्मन जोडपं आलं, त्यांनी माझी बेल कधी वाजवली नाही. पुढच्या शरद ऋतूत मी पीएचडी बर्लिनला हलवायचं ठरवलं, नवऱ्याकडे. घर सोडायचं, म्हणजे भिंती पांढऱ्या करायच्या. रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला, आणि तो तसाच ठेवून मी सांगलीला फोन लावला.

"काका, घर सोडतेय. तक्त्यात एक ओळ कोरी आहे. काय लिहू?"

"त्या दिवशी काय झालं होतं?" त्यांनी कार्यालयीन आवाजात विचारलं.

"मी घरात होते."

"माहीत आहे," ते म्हणाले. "कुकर लावला होता तुम्ही."

  मी म्हटलं, "मग 'घर बंद' लिहू का?"

"छे. तसं कसं लिहिता येईल? तीन वेळा यायचा नियम आहे. मी एकदाच आलो. दुसऱ्या दिवशी विमान होतं, तरी संध्याकाळी एकदा यायला हवं होतं. एकटी बाई, लहान मूल, आतून कुकर वाजतोय आणि दार उघडत नाहीये. असं घर सोडून जायचं नसतं, ताई. चूक आमच्या खात्याची आहे." मग म्हणाले, "'पुन्हा भेट द्यावी' असं लिहा. तोच बरोबर शेरा आहे."

"या मग," मी म्हटलं. "बर्लिनला या."

"आता इथून कुठं निघतोय मी," ते म्हणाले. मग नेहमीप्रमाणे विचारलं, "वजन किती आहे पोरीचं?" मी सांगितलं. त्यांनी ते सावकाश पुन्हा उच्चारलं आणि फोन ठेवला.

कॉपिंग पेन्सिल माझ्याकडे नव्हती. मी साध्या पेन्सिलीनं तो शेरा लिहिला, सहीची जागा मोकळी ठेवली आणि रंग द्यायला घेतला. माझी ओळ पहिल्या हातातच नाहीशी झाली. त्यांच्या ओळी मात्र ओल्या रंगानं अधिकच जांभळ्या होऊन वर आल्या, तारखा, वजनं, सह्या, सगळं. दुसऱ्या हातानंतरही त्या दिसत होत्या. हाउसमायस्टर घर तपासायला आला, दारामागं वाकून बराच वेळ बघत राहिला, आणि मग हळूच म्हणाला, अजून एकदा द्यावा लागेल. तो गेल्यावर मी दार आतून लोटून घेतलं आणि तिसरा हात दिला.